पोरगं ‘ढ’ नाही, धास्तावलेलं आहे

येरमाळ्यात चैत्र पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरते, त्याच सुमारास या भागातली कोयत्यावर गेलेली कुटुंबं परततात. सहा महिने फडात, कोपीत काढलेलं पोरगं शाळेत दचकतं, पाढे विसरतं. लगेच शिक्का बसतो: ‘यांच्या डोक्यातच नाही!’

मित्रांनो, हे जुनं मनुवादी खोटं आहे. मुकादमाच्या शिव्या, उचलीचा धाक, मोडलेली झोप रोजचीच झाली की मुलाचं शरीर सतत धोक्याच्या पवित्र्यात राहतं. कॉर्टिसॉलचं गणित बिघडतं. लक्ष आणि स्मरणशक्ती मार खातात. ही व्यवस्थेने केलेली जखम आहे.

आपलेही काही वक्ते सांगतात, ‘बाबासाहेबांनी सोसलं, तुम्हीही सोसा.’ साफ चूक! १९०१ साली मसूरहून गोरेगावला जाताना रात्रभर पाण्यावाचून तडफडलेला छोटा भिवा तो प्रवास विसरला नाही. तीस वर्षं उलटल्यावरही बाबासाहेबांनी तो लिहून काढला. छळाने माणूस घडत नाही. भिवाच्या पाठीशी पुस्तकांसाठी लेकीचा दागिना गहाण टाकणारे रामजीबाबा होते, माया लावणारी मीराआत्या होती.

मुलाचा मेंदू सावरतो. त्याला रोज सोबत असणारं एक भरवशाचं माणूस लागतं. म्हणून हंगामी वसतिगृहात जेवणासोबत हंगामभर न बदलणारी काळजीवाहू ताई मागा. आणि १४ एप्रिलच्या डीजेची वर्गणी वळवून परतलेल्या पोरांसाठी रोज संध्याकाळची अभ्यासिका चालवा. मिरवणूक एक दिवसाची, पोरगं आयुष्यभराचं.

जय भीम!