सुधारणेची कसोटी कामाच्या भाराखाली

कापसाचा हंगाम भरात आला, म्हणजे आदिलाबादच्या बाजारात गाड्यांची लांबच लांब रांग लागते; काटे मात्र मोजकेच असतात. कोणाची गाडी आधी घ्यावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक. परंतु त्याच्या उत्तरावर कित्येक शेतकऱ्यांचा दिवस अवलंबून असतो. संगणकाच्या अंतरंगातही असाच पाळी लावणारा एक कारभारी आहे. संगणकाच्या कार्यप्रणालीचा जो गाभा, त्यास कर्नल म्हणतात. आणि प्रोसेसरचा वेळ निरनिराळ्या कामांना वाटून देणारा त्यातील भाग म्हणजे शेड्यूलर. या कारभाऱ्याचे नियम बदलावयाचे झाल्यास ते कोणत्या कसोटीवर पारखावेत? माझे मत असे की, नियम कागदावर कितीही न्याय्य दिसो, भरगच्च कामाखाली तो टिकतो असे दिसल्यावाचून त्याचा स्वीकार करू नये.

लिनक्स या प्रणालीचे उदाहरण घेऊ. 2007 साली तिच्यात इंगो मोल्नार यांनी रचलेला शेड्यूलर आला. त्याचे तत्त्व सोपे होते: ज्या कामाच्या वाट्याला सर्वांत कमी वेळ आला, त्याची पाळी पुढची. 2023 साली त्याची जागा नव्या रीतीने घेतली. तीत वाट्याबरोबर मुदतीचाही विचार होतो. दोन्ही नियम न्यायाचेच. मग कसोटीची गरज ती काय?

गरज अशी की, डेटाबेसचे काम निराळे असते. बँकेची खाती किंवा रेल्वेची आरक्षणे सांभाळणाऱ्या डेटाबेसवर एकाच वेळी शेकडो कामे येऊन पडतात. प्रत्येक काम क्षणभर चालते, क्षणभर थांबते, पुन्हा जागे होते. शिवाय एकाच नोंदीत दोघांनी एकदम फेरफार करू नये, म्हणून तिला जणू कुलूप घातलेले असते. ज्याच्या हाती किल्ली, त्यालाच कारभाऱ्याने 'तुझा वेळ संपला' म्हणून मध्येच बाजूस बसविले, तर मागची सारी रांग खोळंबते. वाटा सर्वांना सारखा मिळाला, पण काम कोणाचेच पुरे झाले नाही, असा हा न्याय!

2012 सालची हकीकत या दृष्टीने बोधप्रद आहे. लिनक्सच्या 3.6 या आवृत्तीची तयारी चालू होती. जागे झालेल्या कामासाठी रिकामा प्रोसेसर शोधण्याचे श्रम वाचावेत, या हेतूने शेड्यूलरमध्ये एक बदल करण्यात आला होता. हेतू उत्तम होता. परंतु एका वापरकर्त्याने पोस्टग्रेस या डेटाबेसवर पीजीबेंच ही चाचणी चालविली, तेव्हा गती सुमारे 20 टक्क्यांनी घटल्याचे आढळले. ही चाचणी म्हणजे एक लुटुपुटीची बँकच होय: लहानात लहान रूपात 1 शाखा, 10 रोखपाल, 1,00,000 खाती आणि त्यांवर अखंड चालणारे व्यवहार. आता दोष शोधावा कसा? बदलांची यादी मधोमध तोडावयाची, कोणत्या अर्ध्यात दोष आहे ते चाचणीने ठरवावयाचे, आणि तो अर्धा पुन्हा तोडावयाचा. या रीतीने हजार बदलांतील एक दोषी बदल अवघ्या 10 चाचण्यांत सापडतो; गणिताच्या वहीत पडताळून पाहा! दोषी बदल सापडला, आणि आवृत्ती प्रसिद्ध होण्यापूर्वीच लिनस टोर्वाल्ड्स यांनी तो मागे घेतला.

कोणी म्हणेल, एका डेटाबेसपायी सर्वांची सुधारणा का अडवावी? आक्षेप अगदीच निराधार नाही. 2023 च्या शेड्यूलरविषयीही मायएसक्यूएल या डेटाबेसची गती घटल्याची तक्रार 2024 मध्ये आलीच. अशी प्रत्येक तक्रार शिरोधार्य मानावी असे नव्हे, तीही पारखावी. यंत्र कोणते, आवृत्ती कोणती, चाचणी किती वेळा केली, आणि दुसऱ्यास ती तशीच करून पाहता येते काय, हे विचारलेच पाहिजे. परंतु एकाच्या लाभासाठी दुसऱ्याची हानी होत असेल, तर ती निदान उघड्या डोळ्यांनी पत्करावी. न कळत नव्हे.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्याकडे रचना करणाऱ्यास मान मिळतो आणि तपासणाऱ्यास दुय्यम लेखले जाते. हे मला अयोग्य वाटते. लिनक्स आणि पोस्टग्रेस ही दोन्ही विनामूल्य व सर्वांस खुली आहेत. तलमडुगूतील एखाद्या साध्या संगणकावरही ही चाचणी करता येते. आकडे प्रामाणिकपणे टिपण्याची आणि ते निर्भयपणे मांडण्याची सवय मात्र शाळेच्या प्रयोगवहीपासूनच लावून घेतली पाहिजे.