मेंदूतील छाटणी आणि एका आईचा प्रश्न



"डॉक्टर, ह्याचे वडीलही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते. आमच्या घराण्यात उशिराच वाचा फुटते," अडीच वर्षांच्या नातवाला मांडीवर घेऊन आजी मला सांगत होत्या. नातू हातातील गाडीचे एकच चाक पुन्हा पुन्हा फिरवीत होता. नावाने हाक मारली तरी त्याने मान वळवली नाही. त्याला घेऊन आजी बाहेर गेल्यावर इतका वेळ गप्प असलेल्या त्याच्या आईने विचारले, "माझं काही चुकलं का? मी त्याच्याशी कमी बोलले का?"

हा प्रश्न दवाखान्यात वारंवार येतो. त्याचे प्रामाणिक उत्तर द्यायचे तर मेंदू कसा घडतो, हे थोडे समजून घ्यावे लागते.

प्रौढ माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असतात. एक पेशी दुसरीला जेथे संदेश देते, त्या सूक्ष्म सांध्याला सिनॅप्स म्हणतात. आपण त्याला 'जोडणी' म्हणू. शिकागोतील बालमज्जाविकारतज्ज्ञ पीटर हुटेनलोकर यांनी मेंदूच्या पुढील भागातील जोडण्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या आणि १९७९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एक ते दोन वर्षांच्या बालकाच्या मेंदूत जोडण्यांची दाटी प्रौढापेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक होती. पुढे सोळाव्या वर्षापर्यंत ती कमी होत गेली.

म्हणजे मूल मोठे होत असताना त्याच्या मेंदूतील असंख्य जोडण्या नाहीशा होतात, आणि हे निरोगी वाढीचेच लक्षण आहे. नाशिककडील द्राक्ष बागायतदाराला याचे नवल वाटणार नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी केल्यावाचून वेल फळत नाही, हे तो जाणतो. छाटणी अपुरी राहिली तर नुसता पाला माजतो आणि चुकीच्या जागी कात्री लागली तर घड देणारे डोळेच जातात.

मेंदूतील छाटणीत मायक्रोग्लिया नावाच्या पेशींचा मोठा वाटा असतो. ज्या जोडण्यांतून संदेश वारंवार जातात त्या बळकट होतात. ज्या निष्क्रिय राहतात त्यांवर रोगप्रतिकारशक्तीतील काही प्रथिने जणू खूण करतात आणि मायक्रोग्लिया त्या गिळून टाकतात. उंदरांवरील प्रयोगांत ही क्रिया प्रत्यक्ष दिसली आहे.

या छाटणीचे वेळापत्रक किंवा प्रमाण बिघडले तर काय होते? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली मरणोत्तर दान मिळालेल्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वसामान्य मुलांमध्ये बालपण सरता सरता या जोडण्यांची दाटी सुमारे निम्म्याने घटली होती. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असलेल्या मुलांमध्ये ती केवळ १६ टक्क्यांनी घटली होती. पेशीतील टाकाऊ भाग साफ करणारी यंत्रणा तेथे मंदावलेली आढळली. स्किझोफ्रेनियात याच्या उलट घडत असावे. २०१६ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले की, सी-४ नावाचे, जोडण्यांवर खूण करणारे प्रथिन अधिक प्रमाणात बनवणारी जनुकीय रूपे ज्यांच्यात असतात, त्यांना या आजाराचा धोका काहीसा वाढतो. हा आजार पौगंडावस्थेच्या अखेरीस डोके वर काढतो आणि मेंदूच्या पुढील भागातील छाटणीही तेव्हाच चालू असते.

तिसरे उदाहरण रेट सिंड्रोमचे. हा विकार प्रामुख्याने मुलींना होतो. पहिले काही महिने वाढ नेटकी दिसते. नंतर मुलगी शिकलेले शब्द आणि हातांचा उपयोग गमावू लागते. १९९९ साली यामागील जनुक सापडले. ते जोडण्या परिपक्व ठेवण्यासाठी आवश्यक असते. २००७ साली एडिंबरा येथील प्रयोगशाळेत उंदरांमधील हे बंद जनुक प्रौढ वयात पुन्हा चालू केले, तेव्हा त्यांची बरीच लक्षणे मागे हटली. मज्जापेशी मेल्या नव्हत्या, त्यांच्या जोडण्यांची निगा राखणारे कोणी उरले नव्हते. माणसांसाठी हा उपचार अद्याप हाती आलेला नाही, तरी हे निरीक्षण आशादायक आहे.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येऊ. स्वमग्नतेच्या कारणांत आनुवंशिक घटकांचा वाटा मोठा आहे आणि मेंदूतील वेगळेपणाची सुरुवात बहुधा जन्मापूर्वीच झालेली असते. आईच्या कोरड्या वागण्यामुळे मूल स्वमग्न होते, हा गेल्या शतकातील समज केव्हाच खोटा ठरला आहे. लसीवर ठपका ठेवणारा १९९८ सालचा लेखही संबंधित नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. तेव्हा अपराधीपणाचे ओझे आईने मनावर घेऊ नये आणि घरातील इतरांनीही ते तिच्या माथी मारू नये.

मात्र दोष नाही म्हणून कर्तव्यही नाही, असे समजू नका. वापरातील जोडण्या टिकतात, हा नियम प्रत्येक मेंदूला लागू आहे. जन्मजात मोतीबिंदू असलेल्या बाळाची शस्त्रक्रिया पहिल्या काही आठवड्यांतच करतात, ती याच कारणाने. उशीर झाला तर डोळा स्वच्छ होऊनही मेंदू पाहायला शिकत नाही. भाषेची दारे इतक्या लवकर बंद होत नाहीत, पण आरंभीची वर्षे अधिक मोलाची असतात.

म्हणून पुढील गोष्टींकडे लक्ष ठेवावे. वर्षाच्या सुमारास बाळ नावाला प्रतिसाद देते का? दीड वर्षाचे मूल हवी ती वस्तू बोटाने दाखवते का, काही अर्थपूर्ण शब्द बोलते का? दोन वर्षांचे झाल्यावर 'पाणी दे' असे दोन शब्द जोडते का? कोणत्याही वयात, आलेले शब्द किंवा हावभाव नाहीसे झाले तर एक दिवसही थांबू नये. एखादे लक्षण दिसले म्हणजे स्वमग्नताच आहे, असे नाही. प्रथम श्रवणचाचणी करून घ्यावी, मग बालरोगतज्ज्ञांकडून विकासाची तपासणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत अशा मुलांची तपासणी करतात आणि पुढील मदतीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. निदानाची वाट न पाहताही वाचा-उपचार सुरू करता येतो.

घरातील काम साधे, पण चिकाटीचे आहे. मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा. ते जे पाहत आहे त्याचे नाव घ्या, थोडे थांबा आणि त्याच्या लहानशा प्रतिसादालाही उत्तर द्या. मोबाईल बाजूला ठेवा, कारण तो उत्तराची वाट पाहत नाही. 'मेंदूच्या जोडण्या दुरुस्त करतो' असे सांगून स्टेम सेल किंवा महागडी औषधे विकणाऱ्यांपासून मात्र दूर राहा. स्वमग्नतेसाठी स्टेम सेल उपचाराला आपल्या देशात मान्यता नाही.

त्या दिवशी मी आजींना पुन्हा आत बोलावले. त्यांच्या मुलाला उशिरा वाचा फुटली हे खरे असेल. पण तो लहानपणी हाकेला वळून पाहत होता का, असे विचारताच त्या थबकल्या. "तो बोट धरून ओढायचा मला, सगळं दाखवायचा," त्या म्हणाल्या. मग सुनेकडे पाहून त्यांनीच विचारले, "कानांची तपासणी कुठे करायची?" मी चिठ्ठी लिहून दिली. तपासणीला आपणही सोबत येऊ, असे त्यांनी सुनेला तेथेच सांगितले.