‘निसर्गाची अवकृपा’ नव्हे: उत्तर समुद्रातील विहिरी कशाने बुजल्या?

१/ उत्तर समुद्रातील तेलाचा इतिहास सांगताना वादळे, अजस्र तेलफलाट आणि १९७३ चा तेलधक्का यांवर पानेच्या पाने खर्ची पडतात. तेथील विहिरी आतून दगडासारख्या थराने का बुजल्या, हा प्रश्न मात्र ‘निसर्गाची अवकृपा’ म्हणून निकालात काढला जातो. हे वर्णन साफ चुकीचे आहे. (थ्रेड)

२/ दहावीच्या प्रयोगशाळेतील परीक्षानळी आठवावी. बेरिअम क्लोराइडच्या द्रावणात सोडिअम सल्फेटचे द्रावण ओतताच पांढरा अवक्षेप तयार होतो. तो बेरिअम सल्फेट, अर्थात बॅराइट. लिटरभर पाण्यात तो जेमतेम दोन-तीन मिलिग्रॅम विरघळतो.

३/ तेलाच्या खडकात कोट्यवधी वर्षे मुरलेल्या पाण्यात बेरिअम होते, सल्फेट जवळपास नव्हते. उपशामुळे घटणारा दाब टिकवण्यासाठी त्याच खडकात समुद्राचे पाणी दाबण्यात आले. त्यात लिटरमागे सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट! दोन पाण्यांची गाठ विहिरीपाशी पडली आणि अवक्षेप नळीच्या भिंतींवर चढत गेला.

४/ दाब राखणे आवश्यक होते, याबद्दल वाद नाही. अन्यथा बरेचसे तेल खडकातच राहिले असते. तेलफलाटाभोवती मुबलक पाणी समुद्राचेच, हेही खरे. पण या फुकटच्या पाण्याची किंमत पुढे मोजावी लागणार, हे शालेय रसायनशास्त्रालाही ठाऊक होते.

५/ मिलर क्षेत्रातील एका विहिरीचे उत्पादन दिवसाला ३०,००० पिंपांवरून शून्यावर आले, तेही अवघ्या २४ तासांत. थर कॅल्शिअम कार्बोनेटचा असता, तर हायड्रोक्लोरिक आम्लाने विरघळला असता. बॅराइट त्या आम्लाला दाद देत नाही. तो अनेकदा खरवडावा लागतो किंवा नळीच बदलावी लागते.

६/ शिवाय भूगर्भातील रेडिअम बेरिअमची जागा घेऊन त्याच स्फटिकात बसते. त्यामुळे खरवडलेली पुटे किरणोत्सारी निघू शकतात आणि त्यांची धूळ कामगाराच्या श्वासात जाण्याचा धोका असतो. हा भारही निसर्गाच्याच खाती मांडायचा काय?

७/ प्रतिबंधाचा एक मार्ग म्हणजे फॉस्फोनेटसारखे रोधक विहिरीतून खडकात दाबून ठेवणे. उत्पादनासोबत ते हळूहळू परततात आणि स्फटिकांची वाढ रोखतात. तेलउद्योगात याला ‘स्क्वीझ’ म्हणतात. रोधक सरला की पुन्हा विहीर थांबवा, पुन्हा दाबा.

८/ मुळावर घाव घालणारा मार्ग वेगळा: सल्फेट आत जाऊच द्यायचे नाही. फॉर्टीज क्षेत्राचे उत्पादन १९७५ मध्ये सुरू झाले; समुद्राच्या पाण्यातील सल्फेट सूक्ष्म पटलांनी गाळणारी यंत्रणा साउथ ब्रे तेलफलाटावर बसली ती १९८८ मध्ये.

९/ ‘तोवर तशी पटलेच नव्हती’ हा बचाव अर्धाच खरा. ते तंत्र आकाशातून पडले नाही. तेलकंपनी आणि पटले बनवणारी कंपनी यांनी गरज ओळखून ते एकत्र घडवले. २००१ मध्ये अंगोलाच्या खोल समुद्रात गिरासोलचे उत्पादन सुरू झाले, तेव्हा सल्फेट काढण्याची यंत्रणा त्याच्या मूळ आराखड्यातच होती.