तीन शर्ट, दोन पँट, सहा दिवस

ऑफर लेटर आलं की पहिला प्रश्न पडतो, ऑफिसला घालू काय? मग खामगावला नाहीतर मलकापूरला जाऊन हजारोंची खरेदी होते, तीही पहिला पगार हातात यायच्या आधी. पुण्यात रूमचं डिपॉझिट भरायचंच असतं. आणि हे पैसे कुठले? बहुतेक घरी कापूस-सोयाबीनचे.

त्यापेक्षा साधा गुणाकार करा. तीन शर्ट गुणिले दोन पँट म्हणजे सहा जोड्या. आठवडा भागला! मुलींनो, तीन कुर्ते आणि दोन पँट, हिशेब तोच. अट एकच, प्रत्येक शर्ट दोन्ही पँटवर शोभला पाहिजे. म्हणून पँट नेव्ही ब्लू आणि ग्रे. शर्ट पांढरा, आकाशी आणि बारीक रेघांचा. कापड शक्यतो सुती घ्या, कापसाच्या जिल्ह्यातल्या पोरांना हे काय सांगायचं! फिटिंग गावातल्या टेलरकडून करून घ्या. अंगावर नीट बसलेला साधा शर्ट ढगळ ब्रँडेड शर्टापेक्षा भारी दिसतो.

'तोच शर्ट परत?' असं कुणी म्हटलं तर म्हणू द्या. धुतलेला, इस्त्री केलेला असला की झालं. कपडे रिपीट करण्यात लाज कसली? घरच्यांना उधारी करायला लावू नका. चौथा शर्ट पहिल्या पगारातून घ्या.