गाडीला अश्वशक्ति किती हवी?

चंद्रपूरचे आमचे एक स्नेही मोठ्या एकत्र कुटुंबाचे कर्ते आहेत. घरांत लहानमोठीं मिळून अकरा माणसें. वडील बंधूंचें बिऱ्हाड गडचिरोलीस. आणि वृद्ध मातोश्री कांहीं महिने इकडे व कांहीं महिने तिकडे राहतात. शिवाय दर तीन महिन्यांनीं त्यांस हृदयाच्या तपासणीसाठीं नागपुरास न्यावें लागतें. जुनी पेट्रोलची गाडी आतां थकली, तेव्हां विजेची घ्यावी यावर सर्वांचें एकमत झालें; परंतु तें एवढ्यापुरतेंच! चिरंजीवांनीं महिंद्र कंपनीनें २०२४ च्या नोव्हेंबरांत बाहेर काढलेल्या ‘बीई ६’चें माहितीपत्रक पुढें ठेवलें. त्यांत अश्वशक्ति २३१. वडिलांचें म्हणणें असें कीं, आमच्या तीर्थरूपांनीं चाळीसएक अश्वशक्तीच्या प्रीमियर पद्मिनींतून सारें घर मार्कंड्याच्या जत्रेस नेलें व सुखरूप परत आणलें. २३१ घोडे बांधावयास आपल्याकडे तबेला कोठें आहे? दोघांनींही निवाडा आमच्याकडे सोपविला. हाच वाद आज पुष्कळ घरांत चालू असल्यामुळें त्याचें उत्तर येथें देत आहों.

प्रथम हें पाहूं कीं, ही शक्ति खर्च कशांत होते. सपाट रस्त्यावर एका वेगानें जाणाऱ्या गाडीस दोनच गोष्टींशीं झगडावें लागतें : चाकांचें घर्षण आणि समोरची हवा. पांच माणसें बसलेली लहान गाडी तासीं ८० किलोमीटर वेगानें जात असतां या दोहोंपायीं सुमारें ८–९ किलोवॅट लागतात. वातानुकूलनाचे दीडदोन मिळविले तरी एकंदर पंधरा अश्वशक्तीच्या आंतबाहेरच हिशेब बसतो. (एक अश्वशक्ति म्हणजे पाऊण किलोवॅटाहून किंचित् कमी.) म्हणजे चंद्रपूरहून मूल-सावलीमार्गें गडचिरोलीस जातांना २३१ पैकीं दोनशेंहून अधिक घोडे वाटभर नुसते उभे असतात. चढाचा प्रश्नही या वाटेवर नाहींच म्हणावयाचा. तीर्थरूपांच्या पद्मिनीची बाजू येथवर अगदीं बळकट आहे.

परंतु येथें वडिलांनींही थोडें थांबलें पाहिजे. त्यांच्या तीर्थरूपांच्या काळीं आष्टी-आलापल्लीच्या रस्त्यावर सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांची रांग नव्हती. आज तिकडे ती आहे, आणि घुग्घुस-वणीच्या बाजूस कोळशाच्या गाड्यांची. तासीं ५० किलोमीटर वेगानें चाललेल्या अशा ट्रकामागून बाहेर पडून ८० चा वेग गांठावयाचा झाल्यास, दीड हजार किलो भाराच्या विजेच्या गाडीस चाळीस अश्वशक्तीवर नऊदहा सेकंद लागतील. ७५ अश्वशक्ति असेल तर पांचसहा. २३१ असेल तर, गाडी पुष्कळ जड असूनही, तीनएक. समोरून दुसरें वाहन येत असतां दहाचे पांच सेकंद होणें यांत माणसें वांचतात. पांचाचे तीन होण्यांत फारशी वांचत नाहींत, कारण ज्या जागीं पांच सेकंदांचा अवकाश दिसत नाहीं त्या जागीं ट्रकास ओलांडूंच नये. लहान विजेच्या गाडीच्या बाजूनें आणखीही एक गोष्ट आहे. पेट्रोलच्या यंत्रास जोर येण्यासाठीं तें आधीं वेगानें फिरावें लागतें, गिअर बदलावे लागतात. विजेची मोटर उभ्या जागेवरूनच आपला पुरा पीळ देते. म्हणून विजेचे ७५ घोडे गांवांत व ट्रकामागें पेट्रोलच्या तेवढ्याच घोड्यांहून चपळ वाटतात.

हाच गुण नवशिक्या पायाखालीं अवगुण होतो. चिचपल्लीच्या आसपास दुतर्फा जंगल आहे. संध्याकाळीं चितळ, रानडुकरें, क्वचित् वाघही रस्ता ओलांडतो. तेथें शहाणा मनुष्य ४०–५० च्या वर जात नाहीं. मोठी गाडी घेतलीच तर ती सौम्य चालींत ठेवण्याची कळ तिच्यांत असते. ती चिरंजीवांस आधीं शिकवावी.

आतां खरी मेख. टाटांची टियागो ही विजेची गाडी २०२२ सालीं निघाली तेव्हां १९·२ युनिटांच्या बॅटरीबरोबर ६१ अश्वशक्ति आणि २४ युनिटांच्या बॅटरीबरोबर ७५ मिळे. बीई ६ मध्यें ५९ युनिटांबरोबर २३१, तर ७९ युनिटांबरोबर २८६. बॅटरी मोठी, तर ती एका वेळीं वीजही अधिक सोडूं शकते. म्हणून विजेच्या गाडींत अश्वशक्ति ही बहुधा बॅटरीच्या पदराला बांधूनच येते. चिरंजीवांनीं मागितलें सामर्थ्य. पण या घराला गरज आहे पल्ल्याची!

तो पल्ला मोजूं. एका युनिटांत लहान गाडी साधारण सात किलोमीटर जाते असें धरिलें तर २४ युनिटांत १६०–१७० किलोमीटर. गडचिरोली सुमारें ८०. जाऊन येऊन १६०. म्हणजे काटा शून्यावर, आणि मे महिन्याच्या उन्हांत वातानुकूलन चालू ठेवल्यास त्याहीआधीं. वडील बंधूंच्या घरीं मुक्काम करून १५ अँपिअरच्या साध्या प्लगवर रात्रभर गाडी लावून ठेवली तर अडचण नाहीं. त्या निमित्तानें बंधुभेटही निवांत होईल. नागपूर मात्र एकेरीच दीडशें. मातोश्रींस रात्रीं अपरात्रीं न्यावयाची वेळ आली तर या बॅटरीवर विसंबून आम्हांस झोंप लागणार नाहीं. म्हणून आमचें मत ३८ ते ४५ युनिटांच्या बॅटरीकडे झुकतें. तिच्यासवें १३० ते १४५ अश्वशक्ति येते. ती या घराच्या गरजेहून अधिकच आहे, पण निराळें मोल न देतां येत असेल तर येऊं द्यावी. चिरंजीवांची हौसही थोडी भागेल.

पैसे भरण्यापूर्वीं विक्रेत्यास एक प्रश्न अवश्य विचारावा. पत्रकांत मोठ्या अक्षरांनीं छापलेली शक्ति ही थोड्या क्षणांची असते. आपल्याकडील नियमांप्रमाणें मोटर अर्धा तास सतत किती शक्ति देऊं शकते हेंही मोजलें जातें. तो आंकडा मागावा. बॅटरी फार तापली किंवा अगदीं उतरली म्हणजे गाडी आपण होऊन शक्ति कमी करते, आणि चंद्रपूरच्या उन्हाळ्यांत ही गोष्ट कागदावरची राहत नाहीं. यास्तव चांचणीची फेरी सकाळच्या गारव्यांत, एकट्यानें, भरल्या बॅटरीवर घेऊं नये. दुपारीं दोनला, पांच माणसें बसवून, बॅटरी चतुर्थांश उरली असतां मूलच्या रस्त्यावर न्यावी, आणि एखाद्या ट्रकामागें राहून मोकळा रस्ता दिसेल तेव्हां ओलांडून पाहावें. मातोश्रींस त्या फेरींत बरोबर घ्यावें. आसन किती उंच आहे व चढतांना गुडघा दुखतो कीं नाहीं, हें त्याच सांगूं शकतील.