मॅडिसनने न पाजलेली रम

या आठवड्यात, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेम्स मॅडिसनबद्दल वाचताना मी त्याच्या एका पराभवापाशीच रेंगाळले. साल १७७७, व्हर्जिनियातली ऑरेंज काउंटी, राज्याच्या कनिष्ठ सभागृहाची निवडणूक. मतदारांना उमेदवाराने रम पाजायची, हा तिथला जुना रिवाज. जॉर्ज वॉशिंग्टननेही १७५८ साली तो सढळ हाताने पाळला होता. नव्या प्रजासत्ताकाला हे शोभत नाही, म्हणून सव्वीस वर्षांच्या मॅडिसनने पेला पुढे केलाच नाही आणि तो हरला! निवडून आला चार्ल्स पोर्टर. त्याचा धंदाच मुळी दारू विकायचा. मॅडिसन मात्र गर्विष्ठ आणि चिक्कू ठरला. मी पूर्णपणे त्याच्या बाजूची आहे, पण खरा दोष रमपेक्षा मतदानाच्या रीतीचा. मत द्यायचं ते शेरीफपुढे, मोठ्याने नाव घेऊन. उमेदवार समोरच बसलेले, मत मिळालं की लगेच आभार मानणारे. आधीच मताचा हक्क जमीनवाल्या गोऱ्या पुरुषांपुरता. त्यातल्या लहान शेतकऱ्याने बड्या शेजाऱ्याची रम पिऊन त्याच्या तोंडावर दुसऱ्याचं नाव घ्यायचं तरी कसं? गुपचूप मत देता येणं हा दुबळ्याचा पहिला हक्क आहे, आणि व्हर्जिनियाने तो १८६०च्या दशकापर्यंत अडवून धरला.