बटण गेलं कुठं?

साताऱ्याहून काकांचा फोन. ‘अरे, तुमच्या नोट्समध्ये बटण दाखवलंय, इथं नाहीच की!’ काका सोसायटीचे हिशेब लिबरऑफिसवर ठेवतात. ओपन सोर्स, आणि फुकटही. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते. मराठी नोट्स मात्र आमच्या ग्रुपने कॉलेजात असताना लिहिलेल्या, तशाच पडून!

मग काय, पाच जणांना गोळा करून शनिवारी सातारा गाठलं. कंदी पेढे, पाच लॅपटॉप, फुल्ल जोश. संध्याकाळी पाहतो तर एकाची ‘फाईल’, दुसरीची ‘धारिका’, तिसऱ्याची ‘संचिका’. काका म्हणाले, ‘यातली माझी कुठली?’

वाईची आठवणही त्यांनीच करून दिली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी तिथं उभारलेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड आला १९७६ मध्ये. पण परिभाषासंग्रह त्याआधीच, १९७३ मध्ये छापून झाला होता. आधी शब्द, मग नोंदी!

रविवारी आम्हीही तेच केलं. आधी ४० शब्दांची यादी, मग माणशी दोन पानं. प्रत्येक पानावर तारीख आणि आवृत्तीचा नंबर. शेवटची परीक्षा काकांकडे: वाचताना ते जिथं अडतील, तिथं पुन्हा लिहायचं. माझं एक पान तीनदा परत आलं, बॉस!

कोड लिहिता येत नाही? नसू दे. काकांना कळेल असं मराठी येतं ना? मग एक रविवार काढाच. कुणाचं तरी बटण हरवलंय.